सूपभर मालदांडी

"ही मुलगी तुम्ही विकत घेतली आहे का?"

विचारणाऱ्या बाई माझ्याच ओट्यावर, मीच दिलेल्या पाटावर बसल्या होत्या. मी शेंगा फोडत होते. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या, खरं द्या आणि थोडक्यात द्या, हे मुलांना सांगण्यात माझा सगळा जन्म गेला. त्यामुळे जिभेला वळणच तसं पडलेलं. मी म्हणाले, "हो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कितीला?"

"सूपभर ज्वारीला. मालदांडी होती."

पेन हवेतच राहिलं. माझ्या पायाशी मयुरी बसली होती. शेंगा फोडायला मदत करते म्हणून बसलेली, पण टरफलं माझ्या पुढ्यात आणि दाणे तिच्या तोंडात, असा तो कारभार. तिला वाटलं, आपणही माहितीत भर घालावी.

"सूपसुद्धा बाईंचंच होतं," ती म्हणाली. "ते आईनं अजून परत दिलं नाही."

आता त्या बाई लिहायला लागल्या.

त्यांचं नाव दीपाली नाईकनवरे. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात अधिकारी होत्या. वय तिशीच्या आतलं, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा गंभीर पण पोरगेलाच. आदल्या आठवड्यात मयुरीच्या शाळेत मुलांच्या हेल्पलाइनचा कार्यक्रम झाला होता. कुणी मारत असेल, राबवत असेल, विकायला निघालं असेल तर घाबरू नका, सांगा, असं पाहुण्यांनी सांगितलं. मयुरी तेव्हा तिसरीत. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून तिनं हात वर केला आणि उभं राहून सांगितलं, "मला विकलेलं आहे."

नाईकनवरेबाईंनी पुढं विचारलं, ती इथं रोज येते का? मी हो म्हणाले. काय करते? मी तोंड उघडायच्या आत मयुरीच म्हणाली, "तांदूळ निवडते. पाढे म्हणते. चुकलं की उभी राहते."

"किती वेळ?"

"बरोबर येईपर्यंत. सातच्या पाढ्याला फार वेळ लागतो."

तेही लिहून घेतलं गेलं. माझ्या लक्षात आलं की मी पेन्शन खाणारी प्रमिला उंबरजे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्या कागदावर लहान मुली विकत घेऊन त्यांना राबवणारी बाई झाले आहे. मी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "तुम्ही चहा घ्या. हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही."

त्यांना जे सांगितलं ते असं.

आमचं गाव भीमेच्या काठचं, तालुक्याचं. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. एखाद्या घरात मुलं जगत नसली, तर पुढचं मूल जन्मलं की दुसऱ्या घराला विकायचं. घेणाऱ्यानं धान्य द्यायचं, मूल हातात घ्यायचं आणि त्याच्या आईला म्हणायचं, हे माझं, तू सांभाळायला ठेव. मूल राहतं आईपाशीच. पण मरण जेव्हा त्या घरचं मूल शोधत येतं, तेव्हा त्या घरात त्यांचं मूलच नसतं. पुढं लग्न ठरलं की आईबापांनी धान्य घेऊन यायचं आणि मूल सोडवून न्यायचं. भाव मात्र घेणारा ठरवणार. मध्येच सोडवून घेतलं तर सगळं फुकट गेलं म्हणायचं.

माझ्या समोरचं घर पाखऱ्यांचं. नवनाथ पाखरेची बसस्टँडजवळ रसवंती होती, घुंगरं बांधलेल्या चरकाची. त्याची बायको संगीता, आई गोदाआजी. मयुरीच्या आधीची दोन लेकरं त्या घरानं मातीत ठेवली होती, दोन्ही बाळसं धरायच्या आत. मयुरी झाली त्याच दिवशी गोदाआजी माझ्याकडे आल्या. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे. जंतू, स्वच्छता, लशी, सगळं आजींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते सगळं करू, बाई. पर तुमी इकत घ्या."

मी विचारलं, मीच का? मला मूल ना बाळ. रीतीप्रमाणे घेणारी भरल्या घरातली पाहिजे.

"तुमच्या दारावरनं पोरं चपला हातात घिऊन जात्यात," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडं जायाचं म्हनलं, तर यमसुदीक आधी नखं कापून यील."

गेले ते बघायला म्हणून. संगीता भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती दहावी पास. हे सासूबाईंचं खूळ आहे, असं ती मला एरवी सांगायची. त्या दिवशी काहीच म्हणाली नाही, वळूनही बघितलं नाही. मी घरी आले आणि सूप भरलं.

नाईकनवरेबाईंनी हे सगळं ऐकलं. चहा गार होऊ दिला. मग म्हणाल्या, मला पटतंय, पण मला पटून भागत नाही. मूल विकल्याची तक्रार आलेली आहे, ती बाल कल्याण समितीपुढं जाणारच. मुलीला मी आज घेऊन जात नाही. परवा तिच्या आईवडिलांनीच तिला घेऊन जिल्ह्याला समितीसमोर यायचं. तुम्हीही या. चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलीला बालगृहात ठेवायचं की घरी, ते समिती ठरवेल.

बालगृह म्हटल्यावर मयुरीनं दाणे चावायचं थांबवलं.

त्यानंतर नाईकनवरेबाई रसवंतीवर गेल्या. तिथं जे झालं ते मला नवनाथनं सांगितलं. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि आईबाप म्हणून त्याचे हक्क काय आहेत ते एकेक करून सांगितले. नवनाथला हे आवडलं नाही. त्याचा आजवरचा अनुभव असा, की सरकारी माणूस येतो तो आपल्याला काय करता येणार नाही ते सांगायला. हा अधिकारी आपल्याला काय करता येईल ते सांगतोय, म्हणजे खड्डा खोल आहे. शिवाय त्यानं आलं-लिंबू घालून दिलेला रस त्यांनी घेतला नाही.

"जो मानूस फुकटचा रस घेत न्हाई," नवनाथ मला म्हणाला, "तो मोठं कायतरी न्यायला आलेला असतो, बाई."

मी विचारलं, हक्क कोणते सांगितले? त्याला एकही आठवेना. घुंगरांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणाला. मी म्हटलं, चरक कोण फिरवत होतं? तर म्हणे, मीच.

तेव्हा मी नाईकनवरेबाईंना फोन करून ते पुन्हा उतरून घेतले आणि संध्याकाळी नवनाथला ओट्यावर बसवलं. तक्रार काय आहे ते कळण्याचा हक्क. आपलं म्हणणं स्वतः मांडण्याचा, वकील किंवा विश्वासाचं माणूस सोबत नेण्याचा हक्क. न वाचता, न समजता सही न करण्याचा हक्क. हुकूम होईल त्याची नक्कल मागण्याचा, आणि तो मान्य नसेल तर वर दाद मागण्याचा. शिवाय मुलीचं स्वतःचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये, हा. तो हक्क खरं तर मयुरीचा, पण तो बजावायची जबाबदारी आईबापाची, असं मी त्याला समजावलं.

नवनाथ चौथीत माझ्याच वर्गात होता. तेव्हाही त्याला नुसतं समजावून उपयोग नसे, चालीवर पाठ करून घ्यावं लागे. म्हणून मी त्याला चाल लावून दिली. मयुरी फूटपट्टी घेऊन पुढ्यात उभी राहिली आणि बाप चुकला की पट्टी ओट्यावर आपटू लागली. असा अधिकार तिला जन्मात मिळाला नव्हता. अंधार पडेपर्यंत "तिसरा हक्क सहीचा, वाचल्याबिगर न्हाई द्यायचा" हे गल्लीतल्या निम्म्या पोरांना पाठ झालं, नवनाथला सोडून.

मला वाटलं तयारी झाली. सर्जेराव मला ठाऊक नव्हता असं नाही, पण माझ्या ध्यानात आला नाही.

सर्जेराव म्हणजे संगीताचा थोरला भाऊ. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून बसायचा आणि जमिनींचे दस्त लिहायचा. तालुक्यातलं कुठलंही शिवार एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, तर मधला हात सर्जेरावचा. त्याच्या मते जगात जे काही बिघडतं ते दस्त नीट न केल्यामुळे. बहिणीवर असा प्रसंग आल्यावर तो गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यानं नवनाथला रसवंतीच्या मागं नेऊन सांगितलं, की मूळ व्यवहार तोंडी झालाय, तीच सगळी मेख आहे. तुम्ही काळजी करू नका, भावजी. मी बघतो.

जिल्ह्याच्या गाडीत आम्ही सहाजण होतो. नवनाथ खिडकीपाशी ओठ हलवत पाठांतर करत होता. संगीतानं मयुरीला मांडीवर घेतलं होतं. ती आता मांडीवर मावत नव्हती, पण दोघींपैकी कुणी तक्रार केली नाही. सर्जेराव कडक इस्त्रीत, मांडीवर पाकीट. गोदाआजींना घरी थांबा म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या होत्या.

समितीच्या खोलीत एक लांब टेबल, डोक्यावर पंखा आणि कोपऱ्यात खेळण्यांची टोपली होती. मधोमध अध्यक्षा बसल्या होत्या, मंगला सोनटक्के नावाच्या, पिकल्या केसांच्या, चष्मा साखळीला लावलेल्या. आजूबाजूला दोन सदस्य. नाईकनवरेबाई भिंतीशी उभ्या होत्या. अध्यक्षांनी तक्रार वाचून दाखवली आणि नवनाथला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

नवनाथ उठला, हात मागं बांधले, छताकडे बघितलं आणि चालीवर सुरू झाला.

"पैला हक्क तक्रारीचा, समजून घ्यायचा आपन. दुसरा हक्क म्हनन्याचा..."

समितीनं पेनं खाली ठेवली. तिसऱ्या हक्काशी नवनाथ अडखळला. मांडीवरून मयुरी कुजबुजली, "सहीचा, बाबा." नवनाथ पुढं गेला आणि शेवटचा हक्क संपवून, सवयीनं, मला नमस्कार करून खाली बसला.

अध्यक्षांनी विचारलं, हे कुणी पाठ करून घेतलं? पाखऱ्यांच्या घरातली सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी नाईकनवरेबाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे तोंड करून खोकत होत्या, पण खोकला खरा नव्हता.

त्या क्षणी सगळं ठीक चाललं होतं. मी रीत काय ती सांगितली, समितीनं ऐकली, एका सदस्यानं तर मानही हलवली. तेवढ्यात सर्जेराव उठला. मी मुलीचा मामा, विश्वासाचं माणूस म्हणून आलोय, दुसऱ्या हक्काप्रमाणे, असं त्यानं सांगितलं आणि पाकिटातून स्टॅम्पपेपर काढला.

"वादाचं कारणच उरू नये म्हणून हा फेरखरेदीचा दस्त तयार करून आणलाय," तो म्हणाला आणि त्याच्या धंद्याच्या आवाजात, श्वास न घेता वाचू लागला.

"लिहून घेणार नवनाथ पाखरे, धंदा रसवंती, यांसी लिहून देणार प्रमिला उंबरजे, धंदा निवृत्त, कारणे लिहून देते ऐसाजे की, मिळकतीचे वर्णन, कुमारी मयुरी, वय वर्षे आठ, वर्ण गव्हाळ, डाव्या गुडघ्यावर पडल्याची खूण. सदर मिळकतीच्या पूर्वेस लिहून देणार यांचे घर, पश्चिमेस मारुतीचे देऊळ, दक्षिणेस पिठाची गिरणी, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील झाडझाडोरा, दगडधोंडा, निधिनिक्षेपासह, मी पूर्वी सूपभर ज्वारीस कायम खरेदी घेतली होती, ती आज रोजी मूळ मालकास परत देऊन प्रत्यक्ष कब्जा दिला असे. मिळकतीवर कुठलाही बोजा नाही."

"दप्तर आहे," मयुरी म्हणाली.

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. साखळीवर तो छातीवर हेलकावत राहिला.

"म्हणजे विक्री झाली होती," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून आणलंय."

"रीतसर," सर्जेराव म्हणाला. मग त्याला दिसलं असावं की टेबलाच्या पलीकडे कुणाचाच चेहरा जमीन विकत घ्यायला आलेल्या माणसासारखा नाही. तो हळूच खाली बसला.

अध्यक्षांनी दोन्ही सदस्यांशी हलक्या आवाजात बोलणं केलं. मग सरळ सांगितलं. आतापर्यंत ही रीतभात आहे असं समजून चाललो होतो. आता लेखी कबुली समोर आली आहे. ती डोळ्याआड करता येत नाही. असं असेल तर पूर्ण चौकशी होईपर्यंत मुलीला बालगृहात ठेवणं भाग पडेल.

संगीतानं मयुरीला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. नवनाथ उभा राहिला आणि पुन्हा पहिल्या हक्कापासून म्हणायला लागला, पण आता चाल गेली होती आणि आवाजही. माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

आणि त्या गोंधळात गोदाआजींना दस्ताचा अर्थ समजला.

"माघारी घेतलं?" त्या सर्जेरावला म्हणाल्या. "लगीन व्हायच्या आदी लेकरू माघारी घेतलंस तू?"

"अजून घेतलं नाही, आत्याबाई. बाईंची सही व्हायचीय."

आजी माझ्याकडे वळल्या. अध्यक्षाही वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. माणूस वाईट नव्हतं ते. त्यांनाही हे प्रकरण मिटायला हवं होतं.

"उंबरजेबाई, तुम्ही शिक्षिका आहात," त्या म्हणाल्या. "हा कागद विसरा. तुम्ही नुसतं माझ्यासमोर म्हणा, की ही मुलगी माझी नाही आणि तिच्यावर माझा काही हक्क नाही. ते मी लिहून घेते. मग तिला घरी न्या."

सोपी गोष्ट. विचारलं तेवढ्याचं उत्तर, खरं आणि थोडक्यात. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात संगीताकडे लक्ष गेलं. खूळ म्हणणारी, दहावी पास संगीता. मयुरीला तिनं असं धरलं होतं, की पोरीचा एक कान तिच्या छातीशी दाबलेला आणि दुसऱ्यावर तिचा तळहात. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि माझ्याकडे बघून ती मान हलवत होती. अगदी थोडीशी. नको. म्हणू नका.

तिला बालगृहाची भीती वाटत नव्हती असं नाही. चेहरा पांढरा पडला होता. पण त्याहून मोठी भीती तिनं आठ वर्षं पदराखाली झाकून ठेवली होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

मी म्हणाले, "मला विचार करायला वेळ पाहिजे."

मयुरीनं आईचा हात बाजूला सारून माझ्याकडे बघितलं. बाईंना उत्तर येत नाही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. नवनाथनंही नाही. सबंध तालुक्यात कुणी नसेल पाहिलं.

भिंतीशी उभ्या असलेल्या नाईकनवरेबाई पुढं आल्या.

"मॅडम, मुलीचं म्हणणं ऐकायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "वडिलांनी आताच म्हणून दाखवलं. शेवटचा होता."

अध्यक्षा आणि नाईकनवरेबाई मयुरीला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर बसलो. गोदाआजी सर्जेरावकडे अशा बघत होत्या, की त्यानं खुर्ची आधी थोडी, मग बरीच लांब सरकवली. संगीता आपल्या रिकाम्या मांडीवरच्या लुगड्याच्या चुण्या नीट करत होती, पुन्हा पुन्हा त्याच चुण्या. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. ही माझी नाही, पण. हक्क नाही, तरीही. मुलांनी असलं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुणसुद्धा दिला नसता.

दार उघडलं. मयुरीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मुलीचा जबाब वाचून दाखवला, जसा तिनं सांगितला तसा.

"मी घरीच राहणार. आई जेवायला देते. बाबा रस देतात पण बर्फ देत नाहीत. बाई पाढे घेतात, मारत नाहीत, नुसतं बघतात. मला विकलेलं आहे ते मला आवडतं. माझ्याआधीचे दोघे विकलेले नव्हते, ते मेले. आता यम आला की आई त्याला सांगते, आमची नाही, बाईंच्यात जा. आणि बाईंच्यात जायला तो घाबरतो, कारण बाई त्याला सातचा पाढा विचारतील. मला घरी राहायचंय, पण विकलेलीच राहून."

वाचून झालं तरी अध्यक्षा कागदाकडेच बघत होत्या. एका सदस्यानं रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. त्यांना चष्मा नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं, तो शेजारच्यांचा होता.

"आधीची दोन?" अध्यक्षांनी संगीताला विचारलं.

"दोन," संगीता म्हणाली. सकाळपासूनचा तिचा तो पहिला शब्द.

अध्यक्षा खुर्चीत मागं टेकल्या. दोन्ही सदस्यांकडे आळीपाळीनं बघितलं. मग कारकुनाला लिहायला सांगितलं. हुकुमाची भाषा मला शब्दशः आठवते, कारण मी तो पुढं अनेकदा वाचला.

मुलगी जन्मापासून आईवडिलांच्या ताब्यात व देखभालीत आहे. तिला राबवलं जात असल्याचं किंवा तिच्याशी गैरवर्तन झाल्याचं दिसत नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी काही महिने घरी भेट द्यावी. मुलगी आईवडिलांपाशीच राहील. इथवर सगळं सरळ. मग त्या थांबल्या, साखळीशी खेळल्या आणि सांगू लागल्या.

"कायद्याच्या दृष्टीनं माणसाची खरेदी-विक्री होऊच शकत नाही. सबब, अशी कुठलीही विक्री झालेली नाही. आणि जी झालेलीच नाही, ती रद्द करण्याचा अधिकार या समितीला नाही." त्यांनी सर्जेरावकडे बघितलं. "दस्तलेखकाला तर नाहीच."

गोदाआजींनी मला कोपरानं ढोसलं. काय म्हनत्यात?

मी त्यांच्या कानात म्हणाले, "म्हणतायत, आहे तसं राहू द्या."

आजींनी टेबलाच्या दिशेनं दोन्ही हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. अध्यक्षांना हा प्रकार कामकाजात कुठं नोंदवावा ते समजलं नाही, त्यांनी तो तसाच सोडून दिला. संगीता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मयुरी झाली तेव्हा जशी पडली होती तशीच. पण या वेळी तिचे खांदे हलत होते.

आम्ही दारापर्यंत गेलो आणि नवनाथ परत फिरला.

"हुकुमाची नक्कल," तो अध्यक्षांना म्हणाला. "चौथा हक्क."

बाकी कुठल्याही परीक्षेत तो एवढ्या गुणांनी पास झाला नव्हता.

नाईकनवरेबाई ठरल्याप्रमाणे येत राहिल्या. रस प्यायच्या, पैसे देऊनच, आणि नवनाथनं हळूहळू त्यांच्यावर विश्वास ठेवायचं मान्य केलं. एका भेटीत मयुरीनं त्यांना सातचा पाढा न चुकता म्हणून दाखवला. त्यांना स्वतःला सात-आठे येत नव्हतं, ते आम्ही कुणाला सांगितलं नाही. सर्जेरावचा स्टॅम्पपेपर गोदाआजींनी मागून घेतला. जाड कागद, चूल झकास पेटली म्हणाल्या.

गोदाआजी आता नाहीत. मयुरी लातूरला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते आणि वैशाखात तिचं लग्न आहे. मुलगा चांगला आहे. सातचा पाढा मी विचारला नाही, अजून वेळ आहे.

गेल्या आठवड्यात संगीता आली. केस पांढरे झालेत तिचे. कडेवर सूप होतं, माझंच ते जुनं सूप, शेणानं नीट सारवलेलं, आणि त्यात काठोकाठ ज्वारी. ओट्यावर ठेवून ती समोर बसली. पदर सारखा केला.

मी ओंजळ भरून दाणे उजेडात धरले. मोत्यासारखी मालदांडी. जन्मभर हीच खात आले, डोळे झाकूनही ओळखीन.

"ही हायब्रीड आहे," मी म्हणाले.

संगीता शेतकऱ्याची लेक. तिनं माझ्या ओंजळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आसंल," ती म्हणाली. "दुकानदारानं फसवलं आसंल."

"दुसरी आण. घाई नाही."

"लगीन वैशाखात हाय, बाई."

"मग वैशाखात बघू."

तिनं सूप उचललं, कडेवर घेतलं. पायऱ्या उतरताना ती हसत होती की आणखी काही, ते ती पाठमोरी असल्यानं मला कळलं नाही. पण चाल हलकी होती. भरलेलं सूप घेऊन आलेलं माणूस भरलंच सूप परत घेऊन जाताना एवढं हलकं चालताना मी दुसरं बघितलं नाही.

संध्याकाळी लातूरहून फोन आला.

"आई म्हणते ज्वारी पसंत पडली नाही."

"नाही पडली."

पलीकडे कुणीतरी रिपोर्ट मागायला आलं, त्याला तिनं बाकावर बसायला सांगितलं.

"म्हणजे मी अजून तुमचीच?"

"कायद्यानं नाही," मी म्हणाले.